रोबोट तोच, हात वेगळे

भुसावळच्या मामांच्या किडनीत चार सेंटिमीटरची गाठ निघाली आणि घरात एकच धोशा सुरू झाला: "रोबोट कुठे आहे ते बघा." माझं म्हणणं, कन्सोलवर, म्हणजे रोबोटचे हात चालवायच्या जागेवर, बसणारा सर्जन कुठे शिकला ते आधी बघा.

आमच्यासमोर दोन सर्जन होते. एकाचा पोट उघडून ऑपरेशन करण्यात हातखंडा, रोबोट मात्र छोट्या कोर्सनंतर सुरू केलेला. दुसरा फेलोशिप, म्हणजे पुढचं खास प्रशिक्षण करून, जाणत्या सर्जनच्या शेजारी बसून शिकलेला.

खरा फरक दिसतो तो किडनीच्या धमनीला क्लॅम्प, म्हणजे रक्त थांबवणारा चिमटा, लागल्यावर. किडनीला रक्त मिळत नाही, म्हणून तिथून घड्याळ सुरू. साधारण 25 मिनिटांच्या आत गाठ पूर्ण काढायची आणि उरलेली किडनी शिवायची. बहुतेक रोबोटवर दोरा किती ताणलाय हे बोटांना कळत नाही, ते डोळ्यांनी ओळखावं लागतं. जास्त ओढला तर किडनी फाटते, ढिला राहिला तर रक्त झिरपतं. ही नजर सरावानेच येते. फेलोशिपमध्ये तो सराव देखरेखीखाली होतो, चुकलं तर सावरणारा शेजारी असतो.

ऐनवेळी पोट उघडायची पाळी आली, तर पहिल्याचा अनुभव मोलाचा, हे मान्यच. तरी मामांसाठी आम्ही दुसरा निवडला. त्याआधी विचारलं, "अशी किडनी वाचवणारी ऑपरेशनं तुम्ही स्वतः किती केलीत?" त्यांनी न चिडता आकडा सांगितला.