दमट हवेत क्लिपचा पंखा : कोकणातल्या रीफ टँकला कितपत पुरतो?

रीफ टँकच्या, म्हणजे कोरल (प्रवाळ) पाळायच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीच्या, काठाला स्क्रूने आवळून बसवायचा, १२ व्होल्टवर चालणारा दोन किंवा चार तोंडांचा छोटा पंखा. मत्स्यालयाच्या दुकानांत आणि ऑनलाइन तो 'कूलिंग फॅन' म्हणून मिळतो, अनेकदा नावाच्या ब्रँडशिवाय. किंमत चिलरच्या (पाणी थंड करणाऱ्या यंत्राच्या) मानाने नगण्य, वीज साधारण सहा वॉट. खोक्यावर 'पाणी २ ते ४ अंशांनी थंड' असं छापलेलं असतं. हा दावा पुण्यात फारसा खोटा ठरत नाही. रत्नागिरीत किंवा वेंगुर्ल्यात तो महिन्यागणिक बदलतो, आणि कोरल पाळणाऱ्याने पैसे टाकण्याआधी नेमका हाच हिशेब करायला हवा.

पंखा पाणी थंड करत नाही, बाष्पीभवन वाढवतो. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४ लाख ज्यूल उष्णता लागते, ती टँकमधूनच जाते. म्हणजे दिवसाला एक लिटर उडालं तर टँकमधून सरासरी २८ वॉट उष्णता बाहेर पडली. ९० × ४५ × ५० सेंटिमीटरच्या, साधारण २०० लिटरच्या टँकमध्ये रिटर्न पंप (पाणी टँकमध्ये परत चढवणारा), वेव्हमेकर (लाटा करणारा पंप) आणि स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) मिळून ५० वॉट खात असतील तर ती वीज जवळजवळ सगळी पाण्यातच उष्णता होऊन उतरते. वरून लाइटची उष्णता. हे सगळं फक्त बाष्पीभवनाने काढायचं तर रोज तीन-चार लिटर पाणी उडायला हवं. हवा कोरडी असेल तर ते सहज उडतं. हवाच पाण्याने भरलेली असेल तर पंखा कितीही जोरात फिरो, पाणी फारसं उडत नाही.

पंख्याने पाणी किती खाली उतरू शकतं ती मर्यादा मोजायची साधी युक्ती आहे. तापमापकाच्या टोकाला ओलं सुती फडकं गुंडाळा आणि तो याच पंख्यासमोर पाच मिनिटं धरा. जो आकडा येईल त्याच्या खाली टँक कधीच जाणार नाही. पंप आणि लाइट चालू असल्यामुळे प्रत्यक्षात थोडा वरच राहील. जानेवारीत दुपारी ३० अंश आणि ४५ टक्के आर्द्रता असेल तर हा आकडा २१.५ च्या आसपास येतो. पंख्याला भरपूर वाव आहे, २६ अंश आरामात मिळतात. मे महिन्यात ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेला तोच आकडा २८ च्या वर जातो. म्हणजे उत्तम पंखा, उत्तम कोन, उघडा टँक, सगळं जमवूनही पाणी २९-३० च्या घरातच. आषाढात २८ अंश आणि ९० टक्क्यांना तो २६.५ च्या वर. तेव्हा पंखा जवळजवळ शोभेचा, पण हवाच मुळात थंड असल्यामुळे कोरलला धोका मे महिन्यापेक्षा पुष्कळ कमी.

मालवणच्या समुद्रातली कोरल याहून गरम पाण्यात राहतातच की, असा प्रश्न इथे नेहमी येतो. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीची कोरल तिथल्या पाण्याला पिढ्यान्पिढ्या सरावलेली आहेत, आणि तीही नेहमीच्या उन्हाळ्याहून एक-दोन अंश जास्त काही आठवडे टिकलं तर पांढरी पडतात. दुकानातून येणारं कोरल बहुधा २५-२६ अंशांवर वाढलेलं असतं. (किनाऱ्यावरून किंवा मालवणच्या सागरी अभयारण्यातून तुकडा उचलून आणणं हा पर्यायच नाही. कठीण कोरल २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. विकत घेतानाही आयातीचे कागद मागावेत.) पाणी तापलं की कोरलच्या पेशीत राहणारं सूक्ष्म शैवाल त्याला अन्न देण्याऐवजी अपाय करू लागतं, आणि कोरल ते बाहेर टाकतं. शिवाय २५ अंशांच्या समुद्रपाण्यात लिटरमागे सुमारे ६.७ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना ६.२, नेमकी त्याच वेळी प्रत्येक जिवाची गरज वाढलेली असते. आधी पॉलिप (कोरलचे फुलासारखे जीव) आत ओढले जातात, मग बुळबुळीत स्राव वाढतो, मग रंग फिका पडतो. झोअँथिड, मशरूम आणि लेदर ही मऊ कोरल २८ अंश निभावून नेतात. अॅक्रोपोरा हे कठीण कोरल तेवढा दम धरत नाही; त्याचं मांस एका रात्रीत सांगाड्यावरून सुटू शकतं.

आता बसवण्याबद्दल, कारण अर्धी नाराजी चुकीच्या बसवण्यातून येते. पंखा पाण्याच्या वर १० ते १५ सेंटिमीटर, आणि झोत सरळ खाली न मारता पृष्ठभागावरून तिरपा, लांबीच्या दिशेने सरकणारा. पलीकडची बाजू मोकळी हवी, म्हणजे ओली हवा बाहेर जाते. वर काचेचं झाकण ठेवून पंखा लावणं फुकट. झाकण काढून उडी मारणाऱ्या माशांसाठी बारीक जाळी लावा. बंद कॅबिनेटमधल्या सम्पवर (टँकखालच्या जोडटाकीवर) पंखा लावला तर आतली हवा तासाभरात दमट होऊन काम थांबतं, प्लायवूड फुगतं ते वेगळं. मागची फळी काढली तरच सम्पवरचा पंखा उपयोगाचा. टँक ठेवायची जागाही महत्त्वाची. चिऱ्याच्या भिंतींच्या कौलारू घरात माजघर स्लॅबच्या फ्लॅटपेक्षा कितीतरी थंड राहतं. पश्चिमेच्या खिडकीजवळ टँक नकोच. लाइटची वेळ संध्याकाळी पाच ते रात्री एक अशी लावली तर दुपारचा उन्हाळा आणि लाइटची उष्णता एकावर एक चढत नाहीत. हिवाळ्यात रात्री मतलई वारा सुटतो, तो खाऱ्या वाऱ्यापेक्षा कोरडा. तेव्हा खिडकी उघडी ठेवली की पंख्याला जोर येतो.

पंखा थेट सॉकेटला लावू नका. जानेवारीत रात्रभर चालला तर पाणी २३ पर्यंत उतरतं, दुपारी पुन्हा २७, आणि हा हेलकावा स्थिर २७.५ पेक्षा वाईट. एसटीसी-१००० नावाचा स्वस्त तापमान नियंत्रक पुरेसा आहे. एफ१ ला २६.०, एफ२ ला ०.५ दिलं की पंखा २६.५ ला सुरू आणि २६.० ला बंद. एफ३ कंप्रेसरसाठीचा विलंब आहे, पंख्याला १ मिनिट पुरे. या यंत्रात एक अंशापर्यंत चूक असू शकते, म्हणून सेन्सर वितळत्या बर्फाच्या पाण्यात ठेवून आकडा पाहा आणि शून्यापासूनचा फरक एफ४ मध्ये भरा. सेन्सर सम्पमधल्या वाहत्या पाण्यात हवा, पंख्याच्या झोताखाली नको. मागचे विजेचे स्क्रू उघडे असतात. खाऱ्या हवेत ते प्लास्टिकच्या डब्यात बंद केल्याशिवाय टँकजवळ ठेवू नयेत.

खोक्यावर न छापलेला खर्च म्हणजे टॉप-अप, उडालेल्या पाण्याची रोजची भर. उडतं ते गोडं पाणी, मीठ मागे राहतं. २०० लिटरमधून चार लिटर गेले की क्षारता (किलोभर पाण्यातलं मीठ, ग्रॅममध्ये) ३५ वरून ३५.७, तीन दिवस कुणी पाणी घातलं नाही तर ३७ च्या पुढे. म्हणून या पंख्याच्या किमतीत ऑटो टॉप-अपची (ही भर आपोआप घालणाऱ्या यंत्राची) किंमत धरूनच निर्णय घ्यावा. त्याचा साठा १२ लिटरहून मोठा ठेवू नका: सेन्सर अडकून सगळं पाणी टँकमध्ये गेलं तरी क्षारता ३३ वर थांबते, कोरल वाचतात. पाणी आरओ-डीआयचंच (विरघळलेले क्षार पूर्ण काढलेलं), टीडीएस शून्य. जांभ्याच्या जमिनीतल्या विहिरीचं पाणी जिभेला हलकं लागलं तरी त्यात लोह असू शकतं, आणि खाडीलगतच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात.

टॉप-अपमध्ये कॅल्शियम हायड्रॉक्साइड (चुना) मिसळून अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवण्याची क्षमता, डीकेएचमध्ये मोजतात) राखणाऱ्यांनी पंखा लावल्यावर मात्रा पुन्हा मोजलीच पाहिजे. चुन्याच्या संपृक्त निवळीचे चार लिटर २०० लिटरच्या टँकमध्ये दिवसात गेले तर अल्कलिनिटी दोन डीकेएचहून जास्त चढते आणि पीएच उसळतो. ८ ते ९ डीकेएच स्थिर ठेवायची असेल तर पावडर वजनाने ठरवा, 'टँक पाणी पिईल तितकं' यावर सोडू नका. पानाला लावायचा चुना हा तोच पदार्थ असला तरी त्याच्या शुद्धतेचा भरवसा नाही. तो टँकसाठी वापरू नये.

या पंख्याची खरी जमेची बाजू जाहिरातीत नसते : तो १२ व्होल्टचा आहे. पावसाळ्यात वीज गेली की अॅडॉप्टर काढून थेट ७ अँपिअर-तासाच्या यूपीएसच्या बॅटरीवर चालतो. अर्धा अँपिअर ओढला तर आठ-दहा तास निघतात. मधे एक अँपिअरचा फ्यूज टाका. अर्थात वीज गेल्यावर आधी पाणी हलतं ठेवायचं असतं, त्यामुळे पहिली बॅटरी वेव्हमेकर किंवा हवेच्या पंपाला, पंख्याला दुसरी.

टिकाऊपणा बेताचा. मोटर उघडी असते, शिंतोडे वाळून मीठ साठतं आणि पाती घरघरू लागतात. दर पंधरा दिवसांनी प्लग काढून आरओच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसावं. क्लिपचा स्क्रू लोखंडी असेल तर पहिल्याच दिवशी काढून प्लास्टिकचा किंवा स्टेनलेसचा लावा, नाहीतर गंजाचे थेंब टँकमध्ये पडतात. वायर टँकच्या पातळीखाली झोळ देऊन मग वर सॉकेटकडे न्यावी, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी झोळाशीच टपकतं.

मऊ कोरलचा टँक, थंड खोली आणि टॉप-अप असेल तर कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत हा पंखा निःशंक घ्यावा, चिलरची गरज नाही. मे महिन्यात खोलीत दुपारी एसी चालत असेल तरीही तो कामाचा, कारण एसी हवा कोरडी करतो : २८ अंश आणि ५० टक्क्यांना फडक्याचा आकडा २०.५ वर येतो. एसी नाही आणि अॅक्रोपोरा पाळायचा आहे, तर पंख्यावर विसंबू नका. चिलरच घ्या, आणि त्याची गरम हवा बाहेर जाईल असा कॅबिनेटबाहेर ठेवा. पंखा घेणाऱ्यांनी एक जादा पंखा घरात ठेवावा आणि फ्रीझरमध्ये पाण्याने भरलेल्या एक लिटरच्या चार बंद बाटल्या. ऐन उन्हाळ्यात पंखा बंद पडला तर एक गोठलेली बाटली सम्पमध्ये ठेवून २०० लिटर पाणी साधारण अर्ध्या अंशाने उतरतं. दोन तासांत एकाहून जास्त टाकू नये.