वैयक्तिक संकेतस्थळासाठी वापराच्या अटी: लांब मसुदा, छोटी सूचना की तयार परवाना?

गडकिल्ल्यांची छायाचित्रे, कविता किंवा पाककृती मांडण्यासाठी स्वतःचे संकेतस्थळ काढणाऱ्यापुढे ‘वापराच्या अटी’ लिहिण्याचे तीन मार्ग असतात: एखाद्या कंपनीच्या धर्तीवरचा लांबलचक मसुदा, स्वतःच्या शब्दांतली छोटी सूचना, किंवा क्रिएटिव्ह कॉमन्ससारखा तयार परवाना, म्हणजे आपले काम इतरांनी कोणत्या अटींवर वापरावे हे सांगणारा, कुणालाही मोफत लावता येणारा ठरीव मजकूर.

लांब मसुद्याचे आकर्षण समजण्यासारखे आहे, कारण कायदेशीर भाषेमुळे आपण सुरक्षित झाल्यासारखे वाटते. मात्र असे मसुदे बहुधा अमेरिकी कंपन्यांच्या गरजेतून घडलेले असतात आणि त्यांच्या खुणा उचललेल्या मजकुरात तशाच राहतात. हमी नाकारणारी कलमे कॅपिटल अक्षरांत असतात, कारण तिथल्या व्यापारी कायद्यानुसार मालाविषयीच्या काही हमी लेखी नाकारायच्या असतील तर तो मजकूर ठळकपणे नजरेस पडावा लागतो. साताऱ्यात बसून मोफत पाककृती देणाऱ्याला या तरतुदीचे काही प्रयोजन नाही. वाद झाल्यास कॅलिफोर्नियातील न्यायालयात जावे लागेल, हे कलमही असेच सोबत येते आणि प्रत्यक्ष वादाच्या वेळी ते साताऱ्याच्या लेखकाच्याच अंगाशी येण्याची शक्यता अधिक.

शिवाय अशा अटी वाचकावर कितपत बंधनकारक ठरतात, हा मूळ प्रश्न उरतोच. भारतीय करार कायदा, १८७२ नुसार करारासाठी दोन्ही पक्षांची संमती लागते. पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत दुवा ठेवला म्हणजे वाचकाने अटी मान्य केल्या, असे गृहीत धरणे अवघड आहे. अमेरिकेतही २००२ साली नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीविरुद्धच्या खटल्यात, डाउनलोडच्या बटणाखाली नजरेआड राहिलेल्या अटी वापरकर्त्यांवर बंधनकारक नाहीत, असा निकाल अपील न्यायालयाने दिला. ‘लेखी परवानगीशिवाय या पानाचा दुवा देऊ नये’ यासारखी कलमे तर मला सरळसरळ वाचकाचा अवमान करणारी वाटतात. आपले लेखन लोकांपर्यंत पोहोचावे म्हणून ज्याने संकेतस्थळ काढले, त्यानेच दारात आलेल्याला दटावू नये.

छोट्या सूचनेची ताकद आपण कमी लेखतो. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार लेखन किंवा छायाचित्र निर्माण होताच त्यावरील हक्क आपोआप मिळतो. नोंदणी सक्तीची नाही, आणि साहित्यकृतीवरील हक्क लेखकाच्या हयातीत व मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. म्हणजे हक्क निर्माण करण्याचे काम अटींच्या पानाकडे नाहीच. आपण कशाला परवानगी देतो, एवढेच त्याने सांगायचे असते. ‘कविता नावासह उद्धृत करण्यास हरकत नाही, छापील संग्रहात घेण्यापूर्वी कृपया विचारावे’ हे वाक्य वाचले जाते, कळते आणि बहुतेक लोक ते पाळतातही. समीक्षेसाठी उतारा घेण्याची मुभा कायद्याच्या कलम ५२ मध्ये आहेच, त्यामुळे सरसकट मनाई लिहिणे दिशाभूल करणारे ठरते.

लोकांनी आपले काम मोकळेपणाने पुढे न्यावे, असे वाटत असेल तर क्रिएटिव्ह कॉमन्स अधिक सोयीचे आहे, कारण प्रत्येकाला स्वतंत्र पत्र लिहावे लागत नाही. निवड मात्र विचारपूर्वक करावी. या परवान्याखाली दिलेली मोकळीक परत घेता येत नाही. पुढे परवाना बदलला, तरी आधी घेतलेल्या प्रतींना जुनाच लागू राहतो. व्यावसायिक वापर किंवा बदल यांना मनाई करणारा प्रकार निवडल्यास ते छायाचित्र विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाला चित्रे पुरवणाऱ्या मुक्त संग्रहावर, चालत नाही. किल्ल्याच्या छायाचित्रासाठी मी श्रेयनिर्देशाचा (फक्त निर्मात्याचे नाव देण्याची अट असलेला) साधा परवाना सुचवेन, तर अजून छापून न आलेल्या कवितेसाठी छोटी सूचनाच.

विक्री, सभासद खाती किंवा देणग्या सुरू झाल्या की चित्र बदलते; मग परतावा, वाद आणि जबाबदारी यांविषयीच्या अटी वकिलाकडून करून घेणे रास्त आहे. वाचकांचे ईमेल पत्ते गोळा होत असतील तर ते कशासाठी घेतले आणि कसे काढून टाकता येतील, हे सांगणारी स्वतंत्र गोपनीयता सूचना लागेल, आणि ती वाचकांसाठी असल्याने मराठीतही असावी.