शॉकअप गळतंय म्हणाले, आणि मी हात लावून खात्रीही केली

१२,००० रुपये. ९,००० यूपीआयने, ३,००० रोख. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण आत्तापर्यंत मी तो प्रत्येकाला वेगळा सांगितला आहे. भावाला ६ हजार सांगितले. मेहुण्याला "असतील चार-पाच". खरा आकडा फक्त बायकोला माहीत होता, कारण रोख ३ हजार तिच्या पर्समधले होते.

हायवेवरची ही "चाक हलतंय"ची भानगड तुम्हाला माहीत असणारच: चालत्या गाडीला चाक हलतंय म्हणून खुणावायचं, आणि जवळच्या शेडमध्ये नसलेल्या बिघाडाचे पैसे काढायचे. मलाही होती. व्हॉट्सअॅपवर "सावध राहा" असं वर लिहून मीच हा मेसेज दोनदा पुढे ढकलला आहे. त्यामुळे ती कशी चालते हे यापेक्षा जास्त सांगत बसत नाही. सगळं माहीत असून मी कसा सापडलो ते सांगतो.

गाडी २००८ ची वॅगनआर. १५ वर्षं झाली तेव्हा, २०२३ मध्ये, आरसीचं नूतनीकरण करून घेतलं, पूर्वी ६०० रुपयांत होणाऱ्या कामाला ५,००० फी भरून. कागद २०२८ पर्यंत पक्के. १ लाख १८ हजार किलोमीटर झाले. हंपी झालं, हैदराबाद झालं, गणपतीपुळ्याला किती वेळा गेलो ते मोजलं नाही. रस्त्यात कधी बसली नाही. पण लोक गप्प बसत नाहीत. "अजून हीच का?" "एवढ्या लांब ही नेणार?" आपण हसून सोडून देतो, पण ते कुठेतरी आत जाऊन बसतं. नव्या गाडीवाल्याला कोणी चाक हलतंय म्हणून खुणावलं तर तो काच वर करून निघून जातो. जुन्या गाडीवाल्याला वाटतं, आलं, शेवटी आलंच. त्या पोरांना मला घाबरवायचे कष्ट पडलेच नाहीत. भीती मी पुण्याहूनच डिकीत भरून नेली होती.

एप्रिलमधली गोष्ट. सावंतवाडीला मावशीकडे देवकार्य होतं. निपाणी, आजरा, आंबोलीमार्गे पावणेचारशे किलोमीटर. गाडीत बायको आणि ७८ वर्षांची आई. निघण्याआधी आमच्या गॅरेजमध्ये ३,७८० रुपये देऊन तपासणी केलेली: कूलंट, फॅनबेल्ट, ब्रेकपॅड, सगळं. पहाटे साडेपाचला निघालो. खंबाटकी चढताना आईने रामरक्षा म्हटली, ती दरवेळी म्हणते.

साताऱ्याच्या पुढे सहापदरीकरणाचं काम सुरू होतं. जागोजागी डायव्हर्जन, कुठे रस्ता खरवडून ठेवलेला. त्या खरवडलेल्या पट्ट्यावर कुठलीही गाडी थरथरते, कालची कोरी गाडीसुद्धा. हे मला आज कळतं. ही मंडळी उगाच कुठेही उभी राहत नाहीत, असा पट्टा संपतो तिथे उभी राहतात. तुमच्या हातातलं स्टेअरिंग नुकतंच थरथरलेलं असतं, आणि तेवढ्यात शेजारून कोणीतरी सांगतं.

सांगणारा डबलसीट होता. मागे बाई, बाईच्या मांडीवर पोरगं. असा माणूस फसवेल असं तुम्हाला वाटलं असतं का, खरं सांगा. "काका, डावं चाक लई हलतंय. आज्जी हायत गाडीत, जपून जावा." एवढंच बोलला आणि निघून गेला. थांबा म्हणाला नाही, गॅरेजचं नाव काढलं नाही. तरी मी थांबलो नव्हतो, हे नोंदवून ठेवा. दीड-दोन किलोमीटरवर दुसऱ्याने हात केला. तोही चाकाकडेच. मग बायको म्हणाली, "अहो, दोघं दोघं सांगतायत." त्या दोन किलोमीटरमध्ये एकच गोष्ट करायची होती: पुढच्या पेट्रोलपंपावर किंवा टोलनाक्यावर गाडी घ्यायची, उतरायचं, चाकाला स्वतः लाथ मारून बघायची. नट ढिले असतील तर दिसतात. चार पाने डिकीत होते. मी मात्र डावीकडे बघत होतो, आणि डावीकडे, सर्व्हिस रोडला, पत्र्याची शेड होती.

गावाचं नाव लिहीत नाही. गावाने माझं काही बिघडवलेलं नाही.

शेडवर पाटी नव्हती. टायरवर पांढऱ्या रंगाने "पंक्चर" लिहिलेलं, बस. दोन मिनिटांत गाडी जॅकवर चढली. एकाने आईला प्लास्टिकची खुर्ची आणून दिली, झाडाखाली ठेवली, माठातलं पाणी दिलं. ऊन तापायला लागलं होतं. आई म्हणाली, "किती गुणी मुलं आहेत." अजूनही म्हणते, हेच मला जास्त झोंबतं.

चाक काढलं. मिस्त्री आत वाकला, अर्धा मिनिट पुसापुशी केली आणि म्हणाला, "काका, मी म्हनतोय म्हनून नको. तुमी सोता हात लावून बघा."

मी हात लावला.

आता हे नीट वाचा, कारण सगळा प्रकार इथे आहे. मी पिंपरीच्या एका कारखान्यात २७ वर्षं इनकमिंग इन्स्पेक्शनला काढली. बाहेरून आलेला माल तपासणं हेच काम. बोटाला लागलेल्या तेलावरून ते कशाचं आहे हे मला सांगता यायला हवं, त्याचाच पगार घेत होतो. शॉकअप, म्हणजे चाकाचे धक्के झेलणारा तेलाचा दांडा, खरंच गळत असेल तर तेल महिनोन्महिने झिरपतं, त्यावर धूळ बसते, काळा चिकट लगदा होतो, नखाने खरवडावा लागतो. माझ्या बोटाला लागलं ते स्वच्छ, मधासारखं, पातळ तेल. त्याच्या खालची धूळ कोरडी होती. बोट जरा पुढे सरकवलं तर भुकटीसारखी खाली पडली. कोरड्या धुळीवर ताजं तेल. म्हणजे ते वरून पडलं होतं, आणि आत्ताच पडलं होतं, त्याच्या हातातल्या फडक्यातून. आणि उजव्या बाजूला? तिथेही तेच. दोन्ही शॉकअप एकाच सकाळी एकाच उंचीपर्यंत गळायला लागले! कारखान्यात असा माल कोणी समोर ठेवला असता तर पुरवठादाराला गेटवर उभा केला असता.

आणि मी पाहिलं होतं हो. ती भुकटी पडताना मी पाहिली. डोक्यात काहीतरी टोचलंही. तेवढ्यात आईने विचारलं, "फार मोठं आहे का रे?" आणि मिस्त्री मला नाही, तिला म्हणाला, "आज्जी, घाटात चाक निघालं असतं." झालं. माझ्या डोळ्यांसमोर थेट आंबोलीची वळणं आली.

हिशेब असा सांगितला: शॉकअप ४,२०० प्रमाणे दोन, ८,४००. वरची माउंटिंग ६५० प्रमाणे १,३००. बुश १,३५०. मजुरी १,२००. एकूण १२,२५०. वरचे २५० "आज्जींसाठी" सोडले. मी घासाघीस केली नाही, कारण मला वाटलं की हिशेब इतका सुटासुटा सांगतोय म्हणजे खरा असणार. काढलेले शॉकअप आत शटरच्या मागे नेले, वीस मिनिटांनी काळे कुळकुळीत "नवे" आणून बसवले. खोका दाखवा म्हटलं तर "खोके सकाळीच भंगारात गेले". बदललेला जुना भाग डिकीत घेतल्याशिवाय पैसे देऊ नका, मग ती जागा कुठलीही असो. बिल मागितलं तर म्हणाला, मालक आला की व्हॉट्सअॅप करतो. त्याचा नंबरही मी घेतला नाही. पैसे स्कॅनरवर, आणि स्कॅनरवर नाव आलं एका मोबाइल अॅक्सेसरीजच्या दुकानाचं. शॉकअपचे पैसे मोबाइल कव्हरच्या दुकानात कशाला जातील, हेही मी विचारलं नाही. तोपर्यंत मला फक्त निघायचं होतं.

आजऱ्याला चहाला थांबलो. आईची गोळी शोधायला बायकोने डॅशबोर्डचा ड्रॉवर उघडला आणि एक कागद बाहेर काढला. "अहो, हे काय?" आमच्या गॅरेजचं बिल, १४ महिन्यांपूर्वीचं: पुढचे दोन्ही शॉकअप नवे, मजुरीसह ५,१५०. शेडमध्ये दीड तास हा कागद माझ्यापासून हातभर अंतरावर होता. जुनी गाडी घेऊन लांब जाताना गेल्या दोन वर्षांत काय काय बदललं त्याची यादी स्टेअरिंगसमोर चिकटवा, ड्रॉवरमध्ये नाही.

चहा तसाच टाकून निघालो. पुढे आंबोली उतरताना डावीकडून टक-टक आवाज यायला लागला, जो पुण्याहून निघताना नव्हता. त्यावर नंतर येतो.

चौथ्या दिवशी परतताना दुभाजकाच्या पलीकडे तीच शेड दिसली. जॅकवर एक जुनी अल्टो, झाडाखाली तीच खुर्ची, खुर्चीवर कोणीतरी बाई. मी हॉर्न वाजवला. कोण बघणार? बायकोने मदतीच्या एका नंबरावर फोन लावला. तिकडून प्रश्न आला, "तुमच्यासोबत आत्ता काही घडतंय का?" ती म्हणाली, नाही, समोरच्या गाडीसोबत घडतंय. "मग त्यांना फोन करायला सांगा, मॅडम." मी वळून मागे गेलो नाही. आई गाडीत होती, तिथे चार-पाच जण होते. भित्रा म्हणा, चालेल.

पुढच्या चौकीत मात्र उतरलो. सांगितलं, साहेब, आत्ता या मिनिटाला तिथे एक गाडी उभी आहे, चला. ते म्हणाले, ती हद्द आमची नाही. ज्यांची हद्द त्यांच्याकडे गेलो, १९ किलोमीटर उलटे. तिथे पाऊण तास बाकावर. मग, "पैसे कोणी दिले?" मी. "जबरदस्ती केली?" नाही. "बिल?" नाही. "मग गुन्हा काय?" मी म्हटलं, कलम ३१८, फसवणूक. हवालदार टेबलावरच्या दुसऱ्याकडे बघून म्हणाले, "चारशेवीस म्हणायचंय त्यांना." जुलै २०२४ पासून नवीन कायदा लागू आहे, जुन्या चारशेवीसच्या जागी आता ३१८ आहे, हद्दीचं कारण सांगून तक्रार परत पाठवता येत नाही, झीरो एफआयआर घ्यावी लागते, हे मी, एक निवृत्त इन्स्पेक्टर, त्यांना सांगत होतो, आणि तेही शॉकअप तपासणारा इन्स्पेक्टर. ते म्हणाले, "काका, ही सिव्हिल मॅटर आहे. आणि एवढी जुनी गाडी कशाला फिरवता?"

हे वाक्य मी विसरणार नाही. चोराने तेच म्हटलं होतं, जरा गोड शब्दांत.

पुण्यात बँकेत गेलो: व्यवहार तुम्ही स्वतः पिन टाकून केला आहे, आम्ही काही करू शकत नाही. एका हेल्पलाइनवर: समोरासमोर दिलेत म्हणजे हा सायबर गुन्हा नाही. पण सर, पैसे ज्या खात्यात गेले ते खातं तर आहे ना, त्या दुकानाचं नाव माझ्या मोबाइलमध्ये आहे, यूपीआयचा बारा आकडी व्यवहार क्रमांक आहे, अजून काय पाहिजे, चोराची जन्मपत्रिका? ग्राहक आयोगात जा असं तिघांनी सांगितलं. जाता येतं, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत आपल्या गावातूनही तक्रार करता येते. पण सामनेवाला म्हणून कोणाचं नाव घालू? "पंक्चर"? म्हणून सांगतो, पैसे देण्याआधी शेडचा आणि माणसाचा फोटो काढा. राग आला तर येऊ दे. जो फोटो काढू देत नाही त्याला पैसे देऊ नका.

राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा मदतीचा नंबर आहे. मी तो त्या सकाळी लावलाच नाही, त्यामुळे त्यांना नावं ठेवत नाही. तुम्ही मोबाइलमध्ये ठेवा.

घरी आल्यावर गाडी आमच्या गॅरेजमध्ये नेली. डाव्या शॉकअपच्या खालच्या दोन बोल्टांपैकी एकाचा नट हाताने फिरत होता. घाटात चाक निघेल असं सांगून ज्यांनी पैसे घेतले, त्यांनीच तो ढिला सोडला होता, आणि मी आईला घेऊन आंबोली उतरलो होतो. बोल्ट, मजुरी, अलाइनमेंट मिळून १,४५० गेले. म्हणजे एकूण १३,४५०.

मग आमच्या मिस्त्रीने चिंधी थिनरमध्ये बुडवून त्या "नव्या" शॉकअपवरून फिरवली. काळा रंग सटासट निघाला. खाली पिवळी टिकमार्क. ती माझीच. १४ महिन्यांपूर्वी बसवताना मी उभा होतो, आणि सवयीने, तपासलेल्या मालावर करतात तशी पेंट मार्करने केली होती. मिस्त्री काही बोलला नाही. दुसऱ्या बाजूचं पुसायला गेला.

त्या पिवळ्या खुणेचा फोटो, यूपीआयचा क्रमांक, जुनं बिल असं सगळं जोडून पोलिसांकडे ऑनलाइन अर्ज केला. ३४ दिवसांनी उत्तर आलं: अर्जदाराशी संपर्क साधून त्यांना समज देण्यात आली, अर्ज दप्तरी दाखल. मला कोणाचाही फोन आलेला नाही. समज मात्र मला दिलेली आहे, कागदावर.

आणि पैसे पाठवायचं अॅप उघडलं की वरच्या ओळीत, बायको आणि दूधवाल्याच्या मध्ये, ते मोबाइल कव्हरचं दुकान अजून दिसतं. मुलगी म्हणते, बाबा, काढून टाका ते. मी काढत नाही. माझ्याकडे असलेला तेवढाच त्यांचा पत्ता आहे.