गवती चहा की नाचणीची पेज?

थंडीत दूध आणि चहा-कॉफी दोन्ही बंद, म्हणून गॅसवर या दोनच गोष्टी चढतात. गवती चहा नावापुरताच चहा. त्यात कॅफिन नसतं. चार पाती गाठ मारून उकळली की वास घरभर. आलं-मिरी घातली तर मात्र माझे गाल लालबुंद होतात, म्हणून फक्त खडीसाखर.

पेजेला जरा निगुती लागते. दोन चमचे पीठ आधी गार पाण्यात कालवायचं, नाहीतर गुठळ्या ठरलेल्या. मग उकळत्या पाण्यात ओतून चकाकी येईपर्यंत ढवळायचं. ताकाऐवजी मीठ-जिरं. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलीग्रॅम कॅल्शियम, म्हणजे दूध सोडलेल्यांना पेजच कामाची. गवती चहा पाहुण्यांसाठी. दोन्ही कोमट करूनच. वाफाळत्या घोटानेही चेहरा तापतो.