डाविंची रिझॉल्व्ह वापरून आठ महिने झाले: काळ्या पट्ट्यांचं प्रकरण

मी खानापूरचा. लग्न, मुंज, वास्तुशांतीचे व्हिडिओ करतो. दिवाळीपासून सगळं काम डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरच्या फुकट आवृत्तीवर चाललंय. ती ३८४० × २१६० पिक्सेलपर्यंत एक्सपोर्ट देते, म्हणजे तेवढ्या मापाची तयार फाइल काढून देते, माझ्या कामाला तेवढं बख्खळ. रंगकामाबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. मला छळलं ते काळ्या पट्ट्यांनी.

पहिल्याच लग्नाचा पेनड्राइव्ह देऊन आलो आणि रात्री नवरीच्या मामांचा फोन. “काय रे, हळदीचं सगळं दाराच्या फटीतनं बघितल्यागत दिसाय लागलंय की!” हळद पाहुण्यांनी मोबाईल उभा धरून काढलेली. १०८० × १९२० ची क्लिप १९२० × १०८० च्या टाइमलाइनवर (क्लिपा ओळीनं मांडायची पट्टी) पूर्ण बसवली की रुंदी जेमतेम ६०८ पिक्सेल उरते, दोन्ही बाजूंना ६५६ पिक्सेलची काळी भिंत. मला वाटलं एक्सपोर्टच बिघडलं. डिलिव्हर पानावर, जिथून तयार फाइल काढतात तिथे, दिसेल ते बटण दाबून तीनदा रेंडर केलं, म्हणजे अख्खी फाइल नव्यानं बनवली, त्यात एकदा लाईट गेली.

दोष तिथे नव्हताच. प्रोजेक्ट सेटिंगमध्ये ‘इमेज स्केलिंग’ आहे, त्यात वेगळ्या मापाच्या क्लिपचं काय करायचं ते ठरतं. मुळात तिथे ‘पूर्ण चित्र बसवा’ असतं, म्हणून पट्ट्या. ‘कापून फ्रेम भरा’ केलं की पट्ट्या गायब. मी खूश होऊन सगळ्या प्रोजेक्टला तेच लावलं, आणि हळदीत नवरीचं डोकं उडालं! उभी क्लिप आडवी भरायची तर दोन-तृतीयांश उंची कापली जाते, शिवाय चित्र पावणेदोन पट ताणल्यामुळे मऊ पडतं. म्हणून आता क्लिपगणिक इन्स्पेक्टरमधून (निवडलेल्या क्लिपच्या सेटिंगचा कप्पा) ‘फिल’ करतो, म्हणजे फ्रेम भरतो, आणि वाय पोझिशन, म्हणजे चित्र वर-खाली सरकवून हळद लावणारा हात मधे आणतो. जिथे कापवत नाही तिथे तीन उभ्या क्लिपा शेजारी-शेजारी. तीन सहाशे आठ म्हणजे १८२४, उरलेल्या ९६ पिक्सेलमध्ये मधल्या फटी सहज बसतात. मागे तीच क्लिप धूसर करून पसरायची फॅशन आहे, मला ती बघवत नाही.

जुन्या कॅसेटची गोष्ट निराळी. एका काकांच्या लग्नाची मिनीडीव्ही टेप आली, ७२० × ५७६ ची. टाइमलाइनवर काका-काकू दोघंही बारीक! त्या पाल फॉरमॅटचे (आपल्याकडच्या जुन्या टीव्हीची पद्धत) पिक्सेल चौरस नसतात, ते चित्र ७६८ × ५७६ असं दाखवायचं असतं. क्लिप ॲट्रिब्यूट्समध्ये, म्हणजे त्या क्लिपच्या माहितीच्या खिडकीत, पिक्सेल ॲस्पेक्ट रेशो (पिक्सेलच्या रुंदी-उंचीचं प्रमाण) ‘४:३’ केला की माणसं पुन्हा अंगानं भरतात. बाजूला २४० पिक्सेलच्या पट्ट्या राहतात, त्या राहू द्याव्यात. जुन्या टीव्हीचा आकारच तसा होता. पट्ट्या घालवायच्या म्हणून काकूंच्या डोक्यावरचा मुंडावळीचा फुलोरा कापणार कोण?

वैशाखातल्या शिवजयंतीच्या चित्ररथांचे रील केले तेव्हा मीच फसलो. टाइमलाइन उभ्या मापाची केली, डिलिव्हर पानावर मात्र माप १९२० × १०८० च राहिलं. मोबाईलवर चारही बाजूंनी काळं, मधे तिकिटाएवढे मावळे. आता टाइमलाइनचं माप आणि डिलिव्हरचं माप दोन्ही बोट ठेवून वाचतो, मगच रेंडर. फ्रेमरेटचंही (सेकंदाला किती चित्रं) तसंच: क्लिपा टाकायच्या आधी ठरवायचा, नंतर प्रोजेक्ट तो बदलू देत नाही. माणसाच्या मागे फ्रेम आपोआप सरकवणारं ‘स्मार्ट रीफ्रेम’ पैसे मोजून घ्यायच्या स्टुडिओ आवृत्तीत आहे. मी हातानं कीफ्रेम मारतो, म्हणजे कुठल्या क्षणी फ्रेम कुठे हवी त्याच्या खुणा करतो, मिनिटभराच्या रीलला तेवढं चालतं.

राहिली कार्यालयातली एलईडी भिंत. बारा बाय आठ फुटांच्या भिंतीवर ऑपरेटर १६:९ चा व्हिडिओ ताणून बसवतो आणि नवरा-नवरी उंच होतात. म्हणून त्या भिंतीसाठी १६२० × १०८० ची वेगळी फाइल करतो. परवा बेळगावातल्या एका कार्यालयात ऑपरेटर म्हणाला, “बारा बाय आठच असंल बघा, मोजलं नाही कधी.” घरचा टेप घेऊन गेलो. साडेअकरा बाय साडेसहा निघाली, म्हणजे जवळपास १६:९ च. रात्री बसून फाइल पुन्हा नव्यानं बनवली.