पांढऱ्या रंगाखाली लपवलेली बुरशी: घराच्या सफाईत आम्ही कसे फसलो

हिवाळा सरता सरता घरात कोंदट वास मुरलेला असतो. चार महिने खिडक्या बंद, धुतलेले कपडे आतच वाळत घातलेले, रजया आणि लोकरीचे कपडे जागोजागी. यंदा आई महिनाभर राहायला येणार होती. तिला दमा आहे. ती यायच्या आत एकेक खोली घेऊन सगळं घर मुळापासून साफ करायचं, असं मी ठरवलं. माझी नोकरी आणि नवऱ्याची पाठ, दोन्हींमुळे हे आमच्याच्यानं होणारं काम नव्हतं, म्हणून बाहेरची माणसं बोलावली आणि तिथेच फसले. जसं घडलं तसं लिहिते आहे, कारण हीच पद्धत उद्या तुमच्या घरातही वापरली जाऊ शकते.

फोनवर खोलीमागे दर ठरला. अर्धे पैसे आगाऊ, उरलेले एकेक खोली झाली की. मला हे रास्त वाटलं. आली तीन माणसं: काम करणारी दोन मुलं आणि एक सुपरवायझर. सुपरवायझर बोलायला गोड, प्रत्येक वाक्यात 'ताई'. त्याने आल्या आल्या फडकं काढलं नाही, झाडू काढला नाही. त्याने टॉर्च काढला.

बेडरूमचे पडदे ओढून घेतले, दिवा मालवला आणि जांभळा उजेड पलंगावर टाकला. चादर निळसर पांढरी झळकली, उशीचा अभ्रा तर लख्ख. "बघा ताई, हे सगळे जंतू. गादीत किडे आहेत. आईंना दमा आहे म्हणालात ना?" ती चादर मी आदल्याच दिवशी धुऊन घातली होती. धुतलेल्या चादरीवर एवढे जंतू, म्हणजे गादीत काय असेल, या विचाराने माझ्या पोटात गोळा आला. मग त्याने व्हॅक्यूमच्या नळीला काळं फडकं लावून गादीवरून दोनदा फिरवलं आणि फडक्यावरची राखाडी भुकटी माझ्यासमोर धरली. गादीची ट्रीटमेंट वेगळी, सोफ्याची वेगळी, पडद्यांची वेगळी. पंधरा मिनिटांत ठरलेली रक्कम दुप्पट झाली आणि मी सगळ्याला हो म्हटलं.

आज मला जे माहीत आहे ते त्या दिवशी माहीत असतं तर त्याला दारातूनच परत पाठवलं असतं. कपडे धुण्याच्या बऱ्याच पावडरींमध्ये आणि लिक्विडमध्ये कपडा पांढराशुभ्र दिसावा म्हणून चकाकी आणणारी रसायनं घालतात. ती कापडाला चिकटून राहतात आणि त्यांच्यावर त्या टॉर्चमधून निघतात तसे अतिनील किरण पडले की निळसर उजेड देतात. म्हणजे माझी चादर चमकली ती पावडरीमुळे, घाणीमुळे नाही. धुळीतले ते सूक्ष्म किडे, माइट्स, साधारण पाव मिलिमीटरचे असतात. ते टॉर्चच्या उजेडात असे कुणाला दिसत नाहीत. आणि ती राखाडी भुकटी? वापरातल्या कुठल्याही गादीतून ती निघतेच: आपल्या त्वचेचे कण, कापसाचे आणि कापडाचे धागे, धूळ. माइट्स खरोखर कमी करायचे तर अभ्रे आणि चादरी 60 अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुवायच्या आणि घरातला दमटपणा कमी ठेवायचा. यातलं एकही काम त्या माणसांनी केलं नाही. त्यांनी गादीवर कसलंसं सुवासिक पाणी फवारलं आणि ती ओलीच ठेवून गेले. दमट हवेत माइट्स वाढतात, म्हणजे आम्ही पैसे देऊन उलटंच काम करून घेतलं.

यानंतर प्रत्येक खोलीत एकच प्रकार. खोली झाली की दार लावून घ्यायचे आणि म्हणायचे, "ताई, औषध मारलंय, चार तास उघडू नका." आणि लगेच त्या खोलीचे पैसे मागायचे. हे नीट लक्षात घ्या. ज्या खोलीत तुम्हाला पाऊल टाकता येत नाही, तिचं काम तपासणार कसं? मी दाराच्या फटीतून डोकावायची, आतून लिंबासारखा उग्र वास यायचा आणि मी पैसे मोजून द्यायची. तो वास म्हणजे सफाई असंच मी धरून चालले होते. खरं तर स्वच्छ झालेल्या खोलीला फारसा वास नसतो आणि दम्याच्या माणसाला असे तीव्र सुगंध अनेकदा त्रासदायकच ठरतात. मला, दम्याच्या बाईच्या मुलीला, हे सुचायला हवं होतं. याचा सल अजून आहे.

स्वयंपाकघराबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. ओटा पुसला, चिमणीवरचा ओशट थर समोरून काढला, जाळीमागचा तसाच ठेवला.

बाथरूममध्ये मात्र मी उभी होते. खिडकीखाली संगमरवराची पट्टी आहे, तिच्यावर नळाच्या पाण्याचे पांढरे क्षार बसले होते. मुलाने लेबल नसलेल्या बाटलीतून काहीतरी ओतलं. पट्टी फसफसली. "बघा, घाण कशी उकळून बाहेर येतेय," सुपरवायझर म्हणाला. मी खूश झाले. पण संगमरवर म्हणजे मुळात कॅल्शियम कार्बोनेट आणि क्षारांचे डागही बहुतांशी तेच. आम्ल दोघांनाही सारखंच खातं, फसफसतो तो त्यातून सुटणारा कार्बन डायऑक्साइड. डागाबरोबर दगडाचा वरचा तुळतुळीत थरही गेला. वाळल्यावर पट्टी पांढुरकी आणि खरखरीत झाली, हात फिरवला की खडूवरून फिरवल्यासारखा लागतो. हा खरखरीतपणा पुसून जात नाही, पुन्हा पॉलिश करावं लागतं. साधं व्हिनेगरसुद्धा संगमरवराला चालत नाही. टाइल्समधले जोडही सिमेंटचे असतात, ते दोन ठिकाणी भुसभुशीत झाले.

त्याच मुलाने त्या आम्लावर दुसऱ्या डब्यातलं ब्लीच ओतायला घेतलं, तेव्हा माझा नवरा ओरडला म्हणून थांबला. ब्लीच आणि आम्ल एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. 1915 मध्ये पहिल्या महायुद्धात सैनिकांवर सोडला तो हाच वायू. बंद बाथरूममध्ये त्या पोराचंच काय झालं असतं? त्याला कुणी काही शिकवलेलं नव्हतं, हातात मोजेसुद्धा नव्हते. त्या मुलांवर माझा राग नाही.

पण खरी फसवणूक आईसाठी ठेवलेल्या खोलीत झाली.

त्या खोलीत कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटून होतं. थंडीत ती भिंत गार पडते, घरातली उबदार दमट हवा तिथे पोचली की पाणी सुटतं, आणि कपाटामागे वारा नसल्याने ते वाळत नाही. तिथे काळपट हिरवी बुरशी धरली होती. ती मी स्वतः त्यांना दाखवली होती, "हे आधी करा" असं सांगून. संध्याकाळी कपाट सरकवून दाखवलं तर भिंत पांढरीस्वच्छ. मला इतकं बरं वाटलं की मी दोन्ही मुलांना ठरल्यापेक्षा जास्तीचे पैसे दिले.

आई आली. पाचव्या-सहाव्या दिवसापासून रात्री तिची छाती घरघरायला लागली. पंप दिवसातून चारदा लागायला लागला. डॉक्टरांनी विचारलं, खोलीत ओल आहे का. मी छातीठोकपणे नाही म्हणून सांगितलं. घरी आल्यावर मात्र राहवेना. कपाट ओढलं. पांढऱ्या भिंतीवर फिकट करडे ठिपके उमटले होते. ओलं फडकं घेऊन घासलं तर पांढरा पोपडा सोलून माझ्या हातात आला आणि त्याच्या आतल्या बाजूला तीच काळी बुरशी चिकटलेली. त्यांनी ती काढलीच नव्हती, वरून रंग फासला होता. माझी आई तीन आठवडे त्या भिंतीपासून दोन हातांवर झोपली होती.

फोन केला. पहिल्यांदा "माणूस पाठवतो", दुसऱ्यांदा "ओल तुमच्या भिंतीची, आमचा काय संबंध", तिसऱ्यांदा "तुम्ही काम पाहून सही केली आहे". सही मी खरंच केली होती. कागदावर फक्त 'सर्व खोल्या, डीप क्लीनिंग पूर्ण' एवढंच होतं. कोणत्या खोलीत काय करणार, कशाने करणार, यातलं काहीच नाही. मग त्यांनी फोन उचलणंच बंद केलं. भिंतीचे, पट्टीचे, बाटलीचे फोटो आणि पैसे पाठवल्याच्या नोंदी जोडून मी ग्राहक तक्रार केली आहे. ती चालू आहे.

आईला दुसऱ्या खोलीत हलवलं आणि मग ते काम आम्ही दोघांनी केलं. नवऱ्याने पाठीला पट्टा बांधून कपाट हलवलं. खिडकी उघडी, तोंडाला मास्क, हातात मोजे. सुटलेला रंग भिंत ओली करून खरवडला, म्हणजे बुरशीचे कण हवेत उडत नाहीत. मग साबणाच्या पाण्याने धुतलं, पूर्ण वाळू दिलं, आणि कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ठेवलं. हवेतला दमटपणा दाखवणारं छोटं यंत्र आणलं. आकडा 60 टक्क्यांच्या वर गेला की खिडकी उघडतो, शक्यतो 50 च्या खाली ठेवतो. बुरशीला मारण्यापेक्षा तिचं पाणी तोडणं महत्त्वाचं. ओली राहिलेली जागा एक-दोन दिवसांत बुरशी धरू शकते. हे सगळं करायला आम्हाला एक शनिवार-रविवार लागला.

तुम्ही कुणाला बोलावणार असाल तर बाटलीवर लेबल नसेल तिथे काम थांबवा. खोलीचं दार बंद ठेवायला सांगितलं तर पैसेही तोवर तुमच्याकडेच राहू द्या. बुरशी काढली म्हणाले तर ओलं फडकं घेऊन त्यांच्यासमोर भिंत घासा, फडक्यावर रंग आला तर समजायचं. काम सुरू होण्याआधी फोटो काढा, कोपरे आणि कपाटामागच्या भिंती धरून. आणि घरातल्या आजारी माणसाबद्दल आधीच सांगू नका. माझ्या तोंडून आईचा दमा निघाला नसता तर त्या टॉर्चला एवढा जोर आला नसता.

मागच्या आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या वहिनींचा फोन आला. सफाईवाले आलेत, गादीत जंतू निघालेत म्हणतात, जरा येतेस का? त्यांच्याकडे सहा महिन्यांचं बाळ आहे. मी तारेवरचा नुकता धुऊन वाळलेला रुमाल ओढला आणि खाली गेले. माणूस वेगळा होता, टॉर्च तसाच. मी रुमाल त्याच्यासमोर धरला आणि म्हटलं, यावर मारा. रुमाल चादरीहूनही जास्त झळकला. वहिनी रुमालाकडे बघत राहिल्या, मग त्याच्याकडे. त्याने टॉर्च बंद केला आणि सामान आवरायला घेतलं.