‘सिप रेडी’चं स्टिकर लावलेले अकरा फोन

सांगलीच्या मार्केट यार्डात आमची हळदीची अडत आहे. हळकुंड मोडून आतला रंग बघितल्याशिवाय इथं कुणी बोली लावत नाही. पण पेढी, काटा आणि दोन गोदामांसाठी घेतलेले अकरा आयपी फोन (कॉम्प्युटरच्या नेटवर्कवरून चालणारे फोन) मी तसे पारखून घेतले नाहीत, आणि 40,700 रुपये घालवून बसलो. यार्डातले आणखी दोघेजण त्याच फोन विक्रेत्याकडं जायच्या बेतात आहेत असं कळलं, म्हणून हे लिहितोय.

जुना इंटरकॉम बंद पडला तेव्हा आम्ही नवा आयपी पीबीएक्स, म्हणजे पेढीतले फोन एकमेकांना जोडणारं एक्स्चेंज, बसवला. त्याच्याबद्दल तक्रार नाही. त्याला फक्त सिप हा प्रोटोकॉल, म्हणजे फोन जोडायची ठरलेली भाषा, समजतो, हे बसवणाऱ्यानं आधीच सांगितलं होतं. फोन मात्र स्वस्त पडतील म्हणून दुसरीकडून घेतले, 2,200 रुपयांना एक. मी विचारलं होतं, सिपवर चालतात ना? विक्रेता म्हणाला, "डोळं झाकून न्या सायेब, आयपी फोन म्हंजे सिपच की." दुकानात दोन फोन जोडून बोलूनही दाखवलं. आवाज अगदी स्वच्छ.

ते फोन बोलत होते ते त्याच्या दुकानातल्या एक्स्चेंजवर. आयपी फोनचे प्रोटोकॉल एकच नसतात. सिप हा खुला आहे, त्याचं आजचं मूळ प्रमाण 2002 साली आलं. त्याआधीचा एच.323 आहे, आणि काही कंपन्यांचे स्वतःच्या घरचेही आहेत. आमचे फोन अशाच एका घरच्या प्रोटोकॉलचे निघाले. त्याचं नाव स्किनी. बोलणं सुरू झालं की आवाज सिपवर काय नि स्किनीवर काय, आरटीपी या एकाच पद्धतीनं जातो, त्यामुळं नुसता आवाज ऐकून काहीच कळत नाही.

पेढीवर अकराही फोन नुसते ‘रजिस्टरिंग’ दाखवत बसले. मी तक्रार केली तर विक्रेता म्हणाला, सिपचं लायसन्स टाकावं लागेल, फोनमागं 1,500. मी तेही दिले. हा दुसरा घाव जास्त लागला. पीबीएक्सवाल्या कंपन्या एक्स्टेन्शनमागं लायसन्स घेतात हे खरं, पण ते पीबीएक्सचं असतं आणि त्याचा कागद मिळतो. सिप हा प्रोटोकॉल खुला आहे, तो वापरायला वेगळं लायसन्स लागत नाही. तीन दिवसांनी फोन परत आले ते ‘सिप रेडी’चं स्टिकर लावून. आत काहीही बदललेलं नव्हतं.

हे उघडकीला आणलं माझ्या भाच्यानं. तो वालचंद कॉलेजात शिकतो. त्यानं वायरशार्क या नेटवर्क तपासायच्या प्रोग्रॅमवर फोनची पाकिटं, म्हणजे फोन नेटवर्कवर पाठवतो ते संदेशाचे तुकडे, पाहिली. सिप फोन सहसा 5060 पोर्टवर (सर्व्हरच्या त्या नंबरच्या दारावर) नोंदणीची विनंती पाठवतो, सर्व्हर, म्हणजे इथं पीबीएक्स, 401 म्हणून पासवर्ड मागतो आणि पटलं की 200 ओके देतो. आमच्या फोनांचं एकही पाकीट 5060 कडं गेलं नाही. ते आधी सेटिंगची फाइल देणारा टीएफटीपी सर्व्हर शोधत, मग टीसीपीच्या 2000 पोर्टवर, म्हणजे स्किनीच्या ठरलेल्या दारावर, धडका मारत, आणि तेही कुठल्यातरी परक्या ऑफिसच्या पत्त्यावर. तो पत्ता सेटिंगमध्ये तसाच राहिला होता. म्हणजे नवे म्हणून विकलेले फोन वापरलेले होते.

एवढं करायचीही गरज नव्हती, याचं फार वाईट वाटतं. फोनच्याच मेनूत मॉडेलची माहिती उघडली की फर्मवेअरचं, म्हणजे फोनच्या आतल्या सॉफ्टवेअरचं, नाव दिसतं. आमच्याकडं त्याची सुरुवातच ‘एससीसीपी’ अशी होती, म्हणजे स्किनीच. सिपचं फर्मवेअर असतं तर तिथं ‘सिप’ दिसलं असतं. दोन मिनिटांचं काम.

पैसे परत मिळाले नाहीत. कच्च्या पावतीवर ‘आयपी फोन, 11 नग’ एवढंच आहे, लायसन्सच्या पैशांचा तर कागदच नाही. वकील म्हणाले, ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, पण माल धंद्यासाठी घेतला म्हणून आधी तुम्ही ग्राहक आहात की नाही यावरच वाद होईल. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार करणाऱ्याला त्यातून सूट आहे. आमची पेढी त्यात बसते का, ते बघू म्हणालेत.

शेजारच्या पेढीचे काका मंगळवारी त्याच दुकानात गेले ते स्वतःचा पीबीएक्स पिशवीत घालून. म्हणाले, याला जोडून दाखव. त्यानं जोडू दिला नाही. काका तसेच परत आले.